कलाबाईंचा सेकंड गिअर

जानराव तायड्यांच्या गाडीत कसलाही दोष नव्हता. असं जानराव स्वतः सांगत, छातीवर हात ठेवून सांगत, आणि नांदुऱ्यात त्यांचा शब्द कुणी खोडत नसे. कारण वाद घालायला थांबलेल्या माणसाला शेवटी गाडीला धक्का मारावा लागतो, हे गावाला अनुभवानं कळलेलं होतं.

गाडी म्हणजे पंच्याण्णव सालची मारुती आठशे. रंग पांढरा. म्हणजे एकेकाळी पांढरा. आता तिला पांढरी म्हणायचं ते जुन्या ओळखीखातर. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर होऊन जानरावांना तीन वर्षं झाली, पण गाडी काही रिटायर झाली नाही. रोज सकाळी साडेआठला जानराव इस्त्रीचा शर्ट घालून स्टिअरिंगवर बसत आणि डाव्या बाजूला कलाबाई. कलाबाई म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती आणि टाकळीच्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर. टाकळी बारा किलोमीटर. एसटी जाते, पण तिच्या मनाला येईल तेव्हा, म्हणून हा रोजचा फेरा. लसीकरणाच्या दिवशी मागच्या सीटवर लसींचा निळा डबा असे, आणि त्या दिवशी जानराव इतक्या गंभीर चेहऱ्यानं गाडी हाकत, की जिल्ह्याचं सगळं आरोग्य त्यांच्याच ॲक्सिलरेटरखाली आहे असं वाटावं. संध्याकाळी पाचला पुन्हा आणायला जायचं. मधल्या वेळात गाडी पुसायची. झाला दिवस.

अशा सुखाच्या दिवसांत एकदा कपाट आवरताना आरसी बुक हाती लागलं आणि त्याची मुदत महिन्याभरात संपत असल्याचं उघड झालं. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला दर पाच वर्षांनी आरटीओसमोर उभं राहावं लागतं. पास झाली तर आणखी पाच वर्षं, नाहीतर भंगार. जानरावांनी हे पुण्याला राहणाऱ्या लेकीला, दीपमालाला, फोनवर सहज सांगितलं आणि चूक केली.

"बाबा, देऊनच टाका आता ती भंगारात," दीपमाला म्हणाली. "मी आईला स्कूटी घेऊन देते. तोपर्यंत जाईल ना ती उपकेंद्रातल्या त्या नव्या सिस्टरच्या गाडीवर मागं बसून."

"हाव, पाहू," असं म्हणून जानरावांनी फोन ठेवला आणि ते ओट्यावर येऊन गाडीकडे बघत बसले. गाडी गेली तर कलाबाई स्कूटीवर जाईल. तिचं काही अडणार नाही. पण मग सकाळी साडेआठला इस्त्रीचा शर्ट घालून जानराव तायड्यांनी जायचं कुठं? ह्या प्रश्नाची त्यांना खरीखुरी भीती वाटली. घरात आरोग्य खात्याचं माणूस असूनही ही भीती त्यांनी कुणाला दाखवली नाही. गाडी पास करून घ्यायची, एवढंच ठरवलं.

ही बातमी शेजारच्या उत्तमरावांना कळायला अर्धा तास लागला. उत्तमराव म्हणजे शेती मुलाच्या हवाली करून गावात येऊन राहिलेला माणूस. दिवसभर हाताला काम नाही, त्यामुळे सगळा जोर तोंडात उतरलेला. मागितलेला सल्ला ते सहसा देत नसत. त्यात त्यांना मजा वाटत नसे.

"जानराव, गाडी पास व्हाले काय काय लागते, थे मले विचारा," ते म्हणाले. "माह्यी जीप तीनदा नापास झाली. माह्याइतकं कोणाले माहीत असन?"

जानरावांनी खिशातलं पेन काढलं आणि यादी करायला घेतली.

"पहिले पाह्यतेत हॉर्न. मंग वायपर. मंग लाइट. अन् त्या चेसिस नंबरचा पेन्सिलनं छाप काढून न्या लागते. कागदावर मारुती, गाडीवर गणपती असं नाही चालत."

त्याच दिवशी गाडी जळगाव जामोद रोडवरच्या भागवत मिस्त्रीच्या गॅरेजात गेली. भागवत हा गाडीचा खानदानी डॉक्टर. त्यानं बॉनेट उघडलं, उसासा टाकला आणि विचारलं, "साहेब, अजून काय काय तकलीफ हाय? एकदम सांगून टाका. डॉक्टरपाशी लपवू नका."

जानरावांनी डोळे मिटून विचार केला. हॉर्न वाजत नाही. वायपर अर्ध्यात थांबतो. एक लाइट झाडावर पडतो.

"बस?"

"बस. बाकी गाडी टकाटक हाय." तरी खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी कलाबाईंना फोन लावला. "कला, गाडीत अजून काही बिघाड हाय का व?"

"नाही बाप्पा," कलाबाई म्हणाल्या. "बाकी तं काहीच नाही."

दोघंही अगदी मनापासून खरं बोलत होते.

दोन दिवसांनी भागवतनं गाडी दिली. हॉर्न असा खणखणीत झाला होता की जानरावांना भरून आलं. गॅरेज बंद करून भागवत सोयऱ्याकडे लग्नाला निघून गेला, आणि जानराव पहिल्याच चौकात डावीकडे वळले. हॉर्न वाजला. त्यांनी हात लावला नव्हता. स्टिअरिंग सरळ झालं तसा थांबला. पुढं पुन्हा डावीकडे वळले, पुन्हा तोच पुकारा. तहसीलसमोरचं वळण मोठं; तिथं त्यांच्या खात्यातले एक जुने सहकारी उभे होते. आपल्यालाच हॉर्न दिला असं वाटून त्यांनी हसून हात केला, पण हॉर्न थांबेचना, तेव्हा त्यांचं हसू आवरलं आणि चेहरा लाल झाला. पेन्शनच्या फाइलवरून दोघांची आधीच थोडी धुसफूस होती, हे इथं सांगितलं पाहिजे.

मग जानरावांनी डोकं चालवलं. डावीकडे वळायचंच नाही. जिथं डावीकडे जायचं तिथं सरळ पुढं जाऊन तीनदा उजवीकडे वळायचं. गणित अगदी बरोबर होतं, फक्त नांदुऱ्याचे रस्ते गणित शिकलेले नव्हते. जानराव बसस्टँडसमोरून तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी तिथल्या चहावाल्यानं आपुलकीनं विचारलं, "साहेब, कोणती एसटी पाह्यजे? सुटली का?" टाकळीला पोचायला पावणेसहा वाजले. कलाबाई पायरीवर बसून होत्या.

"आज लय उशीर?"

"ट्राफिक," जानराव म्हणाले.

"टाकळीले?"

परतीच्या रस्त्यावर डाव्या वळणांनीच सगळं सांगून टाकलं.

हॉर्न भागवतनं परत येऊन नीट केला. राहिला चेसिस नंबर. हा नंबर बॉनेटच्या आत लोखंडावर कोरलेला असतो. त्यावर कागद धरायचा आणि पेन्सिल घासायची, की छाप उठतो. जानरावांनी कागद धरला, पेन्सिल घासली, कागद काळा झाला. नंबर काही उठला नाही, कारण आतून सगळीकडे बोटभर जाडीचं डांबर.

"अरे बाप्पा! हे डांबर कोणं फासलं?" उत्तमराव ओरडले.

"तुम्हीच सांगतलं होतं. गंज लागत नाही म्हणून."

"मी सांगतलं होतं हो. पण तुम्ही आयकलं काऊन?"

मग डिझेल आलं, जुनं लुगडं आलं, आणि अख्खी गल्ली बॉनेटभोवती गोळा झाली. जानराव कोपरापर्यंत काळे झाले. तासाभरानं नंबर उजेडात आला. फक्त शेवटचा आकडा तीन की आठ, हे कळेना. कुणी म्हणे तीन. कुणी चष्मा पुसून म्हणे आठ. उत्तमरावांनी मतदान घ्यायचं ठरवलं आणि 'आठ'वाले चार मतांनी पुढं असताना त्यांच्या पत्नी शालूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "अवं, त्या आरसी बुकात लिहेल नाही का थो नंबर?"

लिहिलेला होता. तीन. गल्ली हळूहळू पांगली.

बुलढाण्याच्या आरटीओची मंगळवारची तारीख मिळाली होती. कलाबाईंनी किरकोळ रजा टाकली. जानरावांनी ठेवणीतला आकाशी शर्ट घातला, कागदांची फाइल केली. फाइल करणं ही तर त्यांची हयातभराची विद्या. मोताळा मागं पडलं आणि राजूरचा घाट गाडी कुठंही न थांबता चढली. "पाहिलं?" जानराव म्हणाले. "अजून हात बसेल हाय आपला." कलाबाई घाटात कधीच बोलत नसत.

बुलढाण्याला आरटीओच्या मैदानावर गाड्यांची रांग होती. तपासणीला पुष्पांजली मॅडम नावाच्या इन्स्पेक्टर होत्या. तिशीच्या, खाकी गणवेश, बोलणं मोजकं. त्यांनी हॉर्न वाजवला, वाजला. वायपर फिरला. दोन्ही लाइट रस्त्यावर पडले. चेसिसचा छाप जुळला. जानराव एकेका टिकमार्कबरोबर अर्धा इंच उंच होत होते.

"छान ठेवलीय गाडी," मॅडम म्हणाल्या. "चला, एक राउंड मारून दाखवा." मग त्यांची नजर डाव्या सीटवर गेली. "तुम्ही उतरा ताई. गाडीत फक्त चालवणारा."

कलाबाई उतरल्या आणि पर्स घेऊन निंबाच्या झाडाखाली उभ्या राहिल्या. त्यांच्या जागी मॅडम बसल्या.

आता इथं एक गोष्ट सांगायची राहून गेली. राहून गेली, कारण ती जानरावांच्याच ध्यानात नव्हती. ह्या गाडीचा सेकंड गिअर पडला की लगेच निसटत असे. दांडा मागं ओढून धरून ठेवला तरच गिअर टिकायचा. चारेक वर्षांपूर्वी हे पहिल्यांदा झालं तेव्हा जानराव एका हातानं दांडा आणि एका हातानं स्टिअरिंग धरून एका लहान पुलावर नको तितके कडेला गेले. तेव्हा कलाबाईंनी न बोलता आपला उजवा हात दांड्यावर ठेवला, आणि तो तिथंच राहिला. गाडीत एकटे असले की जानराव नकळत फर्स्टवरून थेट थर्ड टाकत; डाव्या सीटवर माणूस असला की मात्र हात सेकंडकडंच जाई. डाव्या दाराची काच खड्ड्यात आदळली की खाली पडे. तिला कलाबाईंचं कोपर. डावा आरसा जळगाव जामोदच्या बाजारात एका बैलगाडीनं नेला. तेव्हापासून डावीकडं बघायचं कामही त्यांचंच. थोडक्यात, गाडीची डावी बाजू म्हणजे कलाबाईच. पण हा बिघाड आहे असं दोघांपैकी कुणालाही कधी वाटलं नाही. घरात भाजीत मीठ बायको टाकते, हे काय कुणी डॉक्टरला जाऊन सांगतं?

जानरावांनी फर्स्ट गिअर टाकला. गाडी ऐटीत निघाली. सेकंड टाकला. खट्! दांडा परत जागेवर. इंजिन बोंबललं. पुन्हा टाकला, पुन्हा खट्. तिसऱ्यांदा जानरावांनी सवयीनं डावीकडं पाहिलं आणि तिथं कलाबाईंऐवजी महाराष्ट्र शासन बसलेलं दिसलं.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही. आमच्या मिसेस नाहीत ना गाडीत."

"त्याचा काय संबंध?"

समोर वळण आलं होतं. विचार करायला वेळ नव्हता. "मॅडम," जानराव म्हणाले, "जराक हे धरता का?"

"काय धरू?"

"हा दांडा. मांगं ओढून नुसता धराचा. जोर नाही लागत, सवयीचं काम हाय."

मॅडमच्या नोकरीत असा प्रसंग पूर्वी आला नसावा, कारण त्यांनी खरंच धरला. गाडी वळली. खड्ड्यात काच धाडकन खाली गेली. "कोपर लावा मॅडम, कोपर!" मॅडमनी कोपर लावलं. "अन् डावीकडून कोणी येऊन राह्यलं का?"

"नाही... थांबा, थांबा, एक बुलेट आहे! हं. जा आता."

राउंड अप्रतिम झाला. गाडी जागेवर येऊन उभी राहिली. जानरावांना स्वतःचंच कौतुक वाटत होतं. मॅडमनी दांड्यावरचा हात काढला आणि त्याच्याकडे बघितलं.

"तायडेसाहेब, ही गाडी कोण चालवतं?"

"मीच की. जुनी घेतल्याला बावीस वर्षं झाली."

"आणि आत्ता मी काय करत होते?"

जानरावांनी झाडाखाली उभ्या कलाबाईंकडं पाहिलं.

"त्या झाडाखाली उभ्या आहेत, त्यांच्याकडं लायसन्स आहे का?"

"नाही."

"कमाल आहे," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फॉर्मवर लिहिलं: गिअर, काच, आरसा. दुरुस्त करून पंधरा दिवसांत परत दाखवावी, नाहीतर नोंदणी रद्द.

जानराव फाइल छातीशी धरून झाडाखाली आले. रांगेतले चार लोक त्यांच्याकडं बघून हसत होते, निदान त्यांना तसं वाटत होतं. "काय झालं?" कलाबाईंनी विचारलं. माणसाचा अपमान झाला की त्याला तो कुणाच्या तरी डोक्यावर ठेवायला जागा लागते, आणि जवळची जागा एकच होती.

"नापास," जानराव म्हणाले. "तुह्यामुळं. तू हात लावून लावून गाडीले सवय लावून ठेवली."

कलाबाईंनी त्यांच्याकडं एकदाच पाहिलं आणि त्या गाडीत जाऊन बसल्या.

घाट लागला. उतार. जानरावांनी सेकंड टाकला. खट्! त्यांनी डावीकडं पाहिलं. कलाबाईंनी दोन्ही हात पर्सच्या बंदात गुंतवून मांडीवर ठेवले होते.

"धर ना."

"मी काऊन धरू?"

"कला, घाट हाय हा!"

"माह्या हातानं सवय बिघडते ना गाडीची. राहू द्या मंग."

गाडी फर्स्ट गिअरमध्ये, ब्रेक दाबत दाबत, गोगलगायीसारखी उतरू लागली. मागं एक ट्रक लागला. ट्रकमागं एसटी. एसटीमागं वऱ्हाडाची जीप, आणि जीपमागं बँडवाल्यांचा टेम्पो. सगळ्यांचे हॉर्न चालू झाले; एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "ओ काका, उतरून राह्यले का चढून राह्यले?" शेवटी एका वळणावर रुंद जागा पाहून जानरावांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. आणि बँडवाल्यांसकट सगळी वाहनं त्यांच्याकडं बघत बघत पुढं गेली.

जानरावांनी किल्ली काढून मुठीत धरली.

"कला," जानराव स्टिअरिंगकडं बघत म्हणाले, "माह्यं चुकलं. पण एक आयक. गाडी गेली तं तू स्कूटीवर जाशीन. तुह्यं काही अडत नाही. मी काय करू? सांग बरं. ऑफिसात पस्तीस वर्षं लोक म्हणे, तायडेसाहेबांबिगर फाइल हालत नाही. रिटायर झालो, अन् दुसऱ्याच दिवशी हालली. आता तुले नेणं-आणणं एवढंच काम राह्यलं मले. थे बी गेलं तं मी दिवसभर त्या ओट्यावर बसून उत्तमरावसारखा सल्ले देत बसू का?"

आकाशी शर्टाच्या बाहीनं त्यांनी उगाच काच पुसली.

कलाबाई खाली दरीकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "टाकळीची एसटी आता सकाळी सव्वानऊले टायमात येते. सहा महिने झाले. आठ दिवस मी उपकेंद्राच्या दारातून पाह्यली. एक मिनिट बी लेट नाही."

जानरावांनी मान वळवली. "मंग तू सांगतलं काऊन नाही?"

"काऊन सांगू? एसटीले काय, लोक हायेत बसाले." त्यांनी पर्सच्या बंदातून हात सोडवला आणि दांड्यावर ठेवला. "चला. चहा पिऊ मोताळ्यात. डोकं दुखून राह्यलं माह्यं."

भागवत मिस्त्रीनं सगळी हकिकत ऐकली आणि स्पॅनर खाली ठेवला. "चार वर्षं बाईच्या हातावर गाडी चालवली साहेब, अन् मले सांगता, बाकी टकाटक?" पण त्यानं अकोल्याहून सामान मागवून गिअरबॉक्स उघडला, काच बसवली, डावा आरसा लावला. उत्तमरावांनी रोज येऊन कामात खोट काढली. तेराव्या दिवशी गाडी पुन्हा मैदानावर उभी राहिली, आणि पुष्पांजली मॅडमनी बसल्या बसल्या आधी दोन्ही हातांची घडी घातली. सेकंड गिअर पडला आणि पडून राहिला. गाडी पास झाली. पाच वर्षं!

जानराव परत निघाले ते हवेतच. घाट उतरायला लागले, सेकंड टाकला, हात काढला. दांडा जागचा हालला नाही. "पाहिलं?" असं म्हणायला ते वळले आणि थांबले. कलाबाईंचा उजवा हात दांड्याकडं अर्ध्यापर्यंत आला होता. तो तिथं जरा घोटाळला, मग मांडीवर परत गेला. त्यांनी काचेला कोपर लावलं. काच पक्की होती. डावीकडं पाहिलं, तिथं नवा आरसा. मग त्या नुसत्या बसून राहिल्या.

असं बसणं जानरावांना चांगलं ओळखीचं होतं. रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला ते अगदी असेच बसले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी फाइल केली. अर्जदार: कलाबाई जानराव तायडे. शिकाऊ लायसन्स. कलाबाईंनी आधी वेड्यात काढलं, मग "ह्या वयात?" म्हटलं, मग "लोक हासतीन" म्हटलं, आणि शेवटी विचारलं, "फोटो किती लागतात?" चाळिशीपुढं डॉक्टरचा दाखला लागतो, तो देणाऱ्या डॉक्टरांनी तब्येत तपासण्याऐवजी "जानरावांना विचारलं का?" एवढंच कलाबाईंना तीनदा विचारलं.

आणि एका लसीकरणाच्या सकाळी साडेआठला पांढऱ्या गाडीच्या पुढच्या काचेवर लाल रंगाचा एल चिकटवलेला नांदुऱ्यानं पाहिला. उत्तमराव ओट्यावर उभं राहून सल्ले देत होते. त्यातला एकही कलाबाईंनी ऐकला नाही, म्हणून गाडी सुरू झाली. डाव्या सीटवर जानराव, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर लसींचा निळा डबा. गावात दोनदा इंजिन बंद पडलं. दोन्ही वेळा जानरावांनी उतरून धक्का मारला, डबा सांभाळत पुन्हा चढले, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. हा त्यांचा विक्रम होता.

टाकळीचा रस्ता मोकळा लागला. कलाबाईंनी ओठ दातांत धरून क्लच दाबला आणि सेकंड टाकला. जानरावांचा हात आपसूक दांड्यावर गेला.

"काढा थो हात," कलाबाई समोरच बघत म्हणाल्या. "दुरुस्त झाला ना थो गिअर. तुम्ही डावीकडं पाहा."

डावीकडं आरसा होता, हे दोघांनाही माहीत होतं. जानरावांनी हात काढला, डबा नीट धरला, आणि टाकळी येईपर्यंत ते डावीकडं पाहत राहिले.